शब्द द्यायचा की थांबायचं

मोठे बाबा,

तुमच्या तेरवीला नामदेवकाका बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्यात अडकले. आपल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष, उभा जन्म राजाची भूमिका केलेला माणूस. "आमचे तुळशीरामभाऊ म्हंजे..." इथवर आले आणि गप्प. मग सवयीने त्यांची नजर खाली गेली. स्टेजच्या पुढे जिथे तुम्ही बसायचे तिथे, थोडी डावीकडे. मंडपातल्या सगळ्यांना कळलं की ते खाली का पाहून राहिले. मला रडू यायला पाहिजे होतं, पण आलं हसू. पदर तोंडात कोंबून मी मान खाली घातली. तिथे कोणी सापडलं नाही तेव्हा काकांनी डोळे पुसले, "मानूस भल्ला चांगला होता" म्हणाले आणि बसून घेतलं. इतकं लहान भाषण त्यांनी जन्मात केलं नसेल.

मला, तुमच्या पुतणीला, कोणी बोलायला सांगितलं नाही. घरातल्या पोरींनी तेरवीत भाषण करायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि सांगितलं असतं तरी मी काय बोलले असते कोण जाणे. म्हणून आता पाहुणे गेल्यावर, मंडपाचे बांबू अंगणात आडवे पडलेले असताना, तुमच्याशीच बोलते. मध्ये तोंड घालू नका.

तशी तुमची सवयच वाईट. अख्ख्या गावाला तुम्ही प्रॉम्प्टर म्हणून ठाऊक. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात नटांचं पाठांतर नेहमी कच्चं असायचं, कारण दिवाळीच्या सुमारास धान कापून दमलेला माणूस रात्री कुठे पाठ करत बसणार. मग स्टेजसमोरच्या खोलगट जागेत, पेटी-तबल्याच्या शेजारी, तुम्ही नाटकाचं पुस्तक घेऊन बसायचे आणि अडलेल्या नटाला पुढचं वाक्य दबक्या आवाजात द्यायचे. लोकांना तुम्ही कधी दिसले नाहीत, फक्त तुमचा चष्मा तेवढा दिव्यात चमकायचा. मी लहानपणी सगळ्यांना सांगायची की नाटक माझे मोठे बाबा करतात, बाकीचे नुसते हात हलवतात.

पण खरं सांगू का? प्रॉम्प्टर म्हणून तुम्ही चांगले नव्हते. तुम्हाला दम निघायचा नाही. नट श्वास घ्यायला थांबला तरी तुम्ही वाक्य टाकून मोकळे. नामदेवकाकांचा तो मरणाचा प्रवेश आठवा. पोटात तलवार, डोळे वर, पब्लिक चूप. काका मुद्दाम थांबले होते, आणि तुम्ही खालून एकसारखे "प्रिये, माझा मुकुट, प्रिये, माझा मुकुट" चालू केलं. शेवटी मरता मरता काका तुमच्याकडे वळून म्हणाले, "मालूम हाय ना भाऊ, मरू द्या ना मले जरा." पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत लोक हसत सुटले. राजा मेला तरी कोणाला दुःख झालं नाही. त्यानंतर किती तरी दिवस गावात कोणी घाई केली की लोक म्हणायचे, मरू द्या ना जरा.

बारावीनंतर मला नागपूरला स्पीच थेरपीच्या डिग्रीला प्रवेश मिळाला, तेव्हा घरात कोणालाच कळेना की हे नेमकं काय. बाबा म्हणाले, "बोलनं शिकवाचं कॉलेज? हे तं झोपेत बी बोलते, हिले कोन शिकवते?" तोतरी पोरं, ऐकू न येणारी पोरं, लकव्यानं वाचा गेलेली माणसं, यांना बोलायला मदत करायची, असं मी सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि विचारलं की मग नर्सिंग काय वाईट होतं. तुम्ही मात्र कोपऱ्यात बसून ऐकत होते. तुम्ही फक्त एवढं विचारलं, "अन वाचा येते काय वापस?" मी ठोकून दिलं, येते. मला तेव्हा काय माहीत होतं, मी तर अजून हॉस्टेलची फीसुद्धा भरली नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत आपलं ते भांडण झालं. मी ओसरीवर बसून तुम्हाला सगळा अभ्यासक्रम ऐकवत होते. स्वरयंत्राचं प्लास्टिकचं मॉडेल माझ्या हातून पडून त्याचे तुकडे कसे झाले, कानातली हाडं किती इवलीशी असतात, प्रत्येक आवाज काढताना जीभ कुठे लागते ते आरशात बघत आम्ही वर्गभर तोंडं वेंगाडून कसे बसतो. तुम्ही लगेच "ट, ठ, ड" म्हणून पाहिलं आणि बोट तोंडात घालून जीभ शोधली. मोठ्या आईनं आत चुलीपाशी बसूनच ओरडून विचारलं की दात दुखते काय. मग मी म्हटलं, माणसाला शब्द आठवत नसला तर त्याला एकदम सांगायचा नसतो. आधी अर्थाची खूण द्यायची, मग पहिला आवाज, आणि अगदीच नाही जमलं तर पूर्ण शब्द.

तुम्ही ताडकन उठून बसले. "म्हंजे प्रॉम्प्टिंग! युनिव्हर्सिटीत प्रॉम्प्टिंग शिकवून राहिले?"

तुमचा चेहरा असा फुलला होता की मी तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण मी तुमचीच पुतणी. म्हटलं, "फरक आहे मोठे बाबा. आमच्यात खूण रोज थोडी थोडी कमी करत जायची. शेवटी आपली गरजच उरली नाही पाहिजे."

"मंग प्रॉम्प्टरनं काय करावं?"

"घरी जावं."

"वा. हे कोनतं शास्त्र होय? इथं पब्लिक बसून राह्यते, पोट्टे. नट चूप झाला का शिट्या सुरू. त्याले तसाच उघडा सोडाचा? कायले? त्याची फजिती पाहाले?"

"त्याला येईल ना आठवून. थोडं थांबायचं."

"अन नाही आलं तं?"

दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात तेवढं लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही म्हणाले, तुले त कळलं ना, मंग सांग. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी पत्ते खेळले नाहीत, आणि जेवताना मोठ्या आईला म्हणाले की शिकलेल्या मानसाले दयामाया राहात नाही. मी ऐकलं होतं बरं ते.

पुढच्याच धानाच्या रोवणीत तुम्ही शेताच्या धुऱ्यावर कोसळले. पऱ्ह्यांची, रोपांची पेंढी हातातून सुटली आणि तुम्ही चिखलात बसले ते बसलेच. बाबांनी तुम्हाला गोंदियाला दवाखान्यात नेलं, मी नागपूरहून मिळेल त्या गाडीनं आले. उजवा हात गेला होता, तोंड वाकडं झालं होतं, आणि वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, "समझ सब रहे हैं, पर बोल नहीं पाएंगे अभी." मला त्यातलं सगळं पाठ होतं. मेंदूच्या डाव्या बाजूचा कोणता भाग, त्याला रक्त पुरवणारी कोणती नस, या अवस्थेला वाचाघात म्हणतात आणि त्याचे प्रकार कोणते. त्याच विषयात मला वर्गात सगळ्यांहून जास्त मार्क होते. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले, आणि रडताना मला त्या मार्कांचा राग येत होता.

पुढे काही दिवसांनी डॉक्टर राउंडला आले, तुमचा पाय दाबून पाहू लागले, आणि तुमच्या तोंडून खणखणीत शब्द निघाला. "लेकाच्या." मोठी आई लाजेनं जागच्या जागी मेली. "नाही हो डॉक्टरसाहेब, जन्मात कोनाले शिवी देली नाही यायनं." मला तर नाचावंसं वाटलं. मी सगळ्यांना समजावलं की असं होतं, शब्द शोधून बोलणं जातं पण आपोआप निघणारे शब्द, शिवी, देवाचं नाव, गाणं, हे कधी कधी वाचतात. डॉक्टर हसले. "चलो, कुछ तो बोले." तेव्हापासून तुमच्याकडे एकच शब्द होता आणि तो तुम्ही सगळ्यांसाठी वापरला. भेटायला आलेल्या पाहुण्यांना लेकाच्या, सलाईनला लेकाच्या, मला पण लेकाच्या. तुमच्या पोटात एवढा साठा होता हे कोणाला माहीत होतं.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली, आणि ती तुमच्या मेंदूत नव्हती, आपल्या घरात होती. आपलं घर म्हणजे सगळे प्रॉम्प्टर. तुम्ही "पा" म्हणायचा अवकाश, मोठी आई "पानी?", बाबा "पाय दुखते?", आई "पांघरून देऊ?", दारातून जाणारा सुद्धा "पान पायजे का भाऊले?" प्रेमापोटीच सगळं, पण तुमचा शब्द अर्ध्या वाटेत असतानाच चौघं जण तो उचलून पळायचे. तुम्ही तोंड मिटायचे. मग "लेकाच्या" म्हणणंही कमी झालं. ओसरी सोडून तुम्ही मागच्या खोलीत गेले. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे. ज्या माणसानं सगळ्या गावाला वाक्यं पुरवली तो कोणाला तोंड दाखवेना. तुमचा पाय उचलत होता, हात थोडा हलत होता, त्याची मला काळजी नव्हती. तुम्ही बोलायचा प्रयत्नच सोडून द्याल याची मला भीती वाटत होती. शब्द उशिरा आला तरी चालतो, पण माणसानं तो शोधायचंच थांबवलं की आमच्या हातात काही राहत नाही.

आणि मी काय कमी होते? कॉलेजच्या क्लिनिकमध्ये आम्ही पेशंटसोबत बसायचो आणि आमच्या मॅडम एकतर्फी काचेमागून पाहायच्या. एकदा बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पेशंट काय बोलला ते मला कळलंच नाही. सगळं तूच बोललीस. तुला कोणती गाडी पकडायची आहे?" मी मान खाली घालून उभी होते आणि मनात म्हणत होते, मॅडम, हे रक्तातच आहे, माझ्या मोठ्या बाबांना विचारा.

मग मी घरात कायदा केला. तुम्ही बोलायला तोंड उघडलं की कोणीही शब्द द्यायचा नाही. सगळ्यांनी हो म्हटलं आणि कोणाच्यानंच राहवेना. शेवटी मोठ्या आईनं आपला उपाय काढला. तुम्ही बोलायला लागले की ती पटकन सुपारीचं खांड तोंडात टाकायची, म्हणजे तोंड गुंतून राहायचं. बाबांना तेही जमेना, ते सरळ उठून गोठ्यात जायचे. आपल्या म्हशीला त्या महिन्यात जितका चारा मिळाला तितका आधी कधी मिळाला नसेल.

एका शनिवारी मी नागपूरहून आले होते. तुम्ही खाटेवर बसून म्हणाले, "च." मोठ्या आईनं सुपारी टाकली. बाबा उठले. "च... च..." माझ्या जिभेवर चहा नाचत होता, मी ओठ दाबून धरले. तुमच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, पुरे, देऊन टाकावा. आणि तुम्ही म्हणाले, "चुना."

चुना! इतके दिवस तुम्ही "च" म्हटलं की आम्ही तुम्हाला चहा पाजत होतो. तुम्ही मुकाट्यानं पीत होते, आणि तुम्हाला हवा होता तंबाखूला चुना. मोठी आई सुपारी थुंकून हसायला लागली, मग रडायला लागली, आणि मग म्हणाली, डॉक्टरनं तंबाखू बंद केली हाय, चुना भेटनार नाही. शब्द मिळाला, चुना मिळाला नाही. तुम्ही तिला लेकाच्या म्हणाले आणि पहिल्यांदा कोणी त्याचं वाईट मानलं नाही.

त्यानंतर मी तुमच्यासाठी चित्रं केली. कॉलेजच्या संचातली चित्रं तुम्हाला काय कामाची, त्यात समुद्र होता आणि लिफ्ट होती. मी आपली पाण्याची बोडी, बैलांची बंडी, विळा, सूप, पेटी असे फोटो काढले, आणि घरच्या माणसांचे. तुम्ही माझ्या बाबांचं नाव घेतलं, माझं घेतलं, म्हशीचंही घेतलं. मोठ्या आईचा फोटो आला की गप्प. दर वेळी गप्प. मी वर्गात केस मांडताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की पेशंटला पत्नीचं नाव आठवत नाही, ही अडचण गंभीर दिसते. घरी येऊन हे बोलले तर मोठी आई चूल फुंकता फुंकता म्हणाली, "त्यायनं माहं नाव घेतलं होतं कवा? लगनात घेतलं एकडाव, ते बी लोकायनं धरून बसवलं म्हून." तुम्ही फोटोकडे न पाहता छपराच्या फाट्यांकडे पाहत होते आणि लाजत होते. सत्तरीच्या घरातला माणूस, अर्धं अंग लुळं, आणि लाजत होता. मी मॅडमना जाऊन सांगितलं की ते उत्तर चूक धरू नका, ते त्यांच्या घरचं आहे. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि तो फोटो मोजणीतून काढून टाकला.

पण माझंच सगळं बरोबर होतं असं नाही, मोठे बाबा. तेवढं कबूल करते, तुम्हाला आवडेल. एक दिवस तुम्हाला ताप होता. तुम्ही काहीतरी मागत होते आणि मी नियमाप्रमाणे थांबले होते, पुस्तकातल्यासारखी, हात मांडीवर ठेवून. तुम्ही शोधलं, शोधलं, आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. रागाचं नव्हतं ते, दमल्याचं होतं. तेव्हा मी हळूच म्हटलं, "गोधडी?" तुम्ही मान हलवली आणि माझा हात धरून ठेवला. माणसाला उघडं सोडायचं नसतं, हे तुम्ही म्हणत होते ते खरं होतं. आणि थांबायचं असतं, हेही खरं आहे. केव्हा काय, हे मला अजून पुरतं कळलेलं नाही. आपलं भांडण मिटलं नाही ते नाहीच.

मंडई आली. नामदेवकाका घरी आले आणि तुमच्यापुढे बसून म्हणाले, "भाऊ, प्रॉम्प्टिंग कोनी बी करन. पन पडदा तुम्हीच उघडाचा." आपल्या गावची रीत अशी की तिसरी घंटा झाली की खालून प्रॉम्प्टरनं "पडदा" म्हणायचं, तेव्हाच पडदा सरकतो. प्रॉम्प्टरचा तेवढाच एक शब्द लोकांना मोठ्यानं ऐकू येतो. तुम्ही भिंतीकडे वळले. काका हटले नाहीत. मी पण मध्ये पडले नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मागच्या खोलीत एकटे काहीतरी पुटपुटताना मला ऐकू येत होतं.

दिवस मावळला, पटांगण भरलं. तिरोड्याकडची, साकोलीकडची पाहुणेमंडळी, फुगेवाले, सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचे ठेले. तुम्ही तुमच्या जागी खुर्चीवर बसले, मी शेजारी. तिसरी घंटा झाली. तुम्ही तोंड उघडलं आणि काही आलं नाही.

मोठे बाबा, मी परीक्षा दिल्या, तोंडी दिल्या, काचेमागच्या मॅडमसमोर बसले, पण तेवढी कधी घाबरले नव्हते. तो शब्द तिथल्या प्रत्येकाला माहीत होता. लहान पोरांनाही. मागून एकानं "प" असं सुरूही केलं. मोठी आई बायकांच्या रांगेतून उभी राहिली आणि तिनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो तिथेच बसला. मग कोणीच बोललं नाही. पेटीवाल्यानं हात उचलून धरले. पडद्याची दोरी धरलेला माणूस वाकून तुमच्याकडे पाहत होता. तुमचा चांगला हात माझ्या मनगटावर होता, आणि मला कळत होतं की तुम्ही शब्दाच्या जवळ जाता आणि तो निसटतो. शिट्या येतील म्हणून मी वाट पाहत होते. एकही शिटी आली नाही.

"लेकाच्या," तुम्ही म्हणाले, आणि मग, "पडदा!"

पडदा उघडला पण नाटक सुरू होईना. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि नामदेवकाका राजाच्या वेशात स्टेजवर उभे राहून ढसाढसा रडत होते. त्यांची मिशी निघून आली. पुढे त्यांना पहिलं वाक्य आठवलं नाही, आणि ते मी दिलं. लगेच दिलं. तुम्ही माझ्याकडे पाहून अशी मान डोलावली, जसं काही भांडण तुम्हीच जिंकले.

त्यानंतरचा वर्षभराचा काळ चांगला गेला, हे मी कोणालाही सांगेन. तुम्ही ओसरीवर परत आले. दोन शब्द, तीन शब्द जोडायला लागले. "बोडी... भरली." "म्हैस... गाभन." मला चिडवायलाही लागले. मी थेरपीला बसले की विचारायचे, "प्रॉम्प्टर... घरी?" मी म्हणायची, "अजून नाही." तुम्ही हसायचे. लोकांनीही ऐकायची सवय लावून घेतली. दुकानदार तुमच्यासाठी तराजू थांबवून उभा राहायचा. माझी शेवटची परीक्षा झाली, पास झाले, इंटर्नशिप सुरू झाली. निकाल ऐकून तुम्ही काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. तोच शब्द होता.

आणि मग ती सोमवारची सकाळ. मला नागपूरची बस धरायची होती. तुम्ही बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून सौंदडच्या फाट्यापर्यंत आले आणि काठी टेकत माझ्याजवळ उभे राहिले. बस दिसली तेव्हा तुम्ही एकदम माझा हात धरला. "पोट्टे... मी... तुले..."

मी बॅग खाली ठेवली.

"मी... तुले..."

बस येऊन थांबली. कंडक्टर म्हणाला, "चढा न ताई." मी म्हटलं, "थांबा, ते बोलून राहिले." त्यानं तुमच्याकडे पाहिलं आणि घंटीच्या दोरीवरचा हात काढला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. खिडक्यांतून लोक पाहत होते, कोणी काही म्हणालं नाही. तुम्ही शोधत होते. मी तुमच्या तोंडाकडे पाहत थांबले. मग तुम्ही मान हलवली, हसले, काठीनं बसकडे दाखवलं आणि म्हणाले, "मंग."

मंग म्हणजे पुढच्या वेळी. त्याच आठवड्यात तुम्हाला दुसरा झटका आला आणि मी पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं.

आता ते वाक्य जो तो पूर्ण करून राहिला. बाबा म्हणतात, इकडेच दवाखाना टाक म्हणत होते. नामदेवकाकांची खात्री आहे की मंडईचं प्रॉम्प्टिंग तुम्ही माझ्याकडे देत होते. आई म्हणते, लग्नाचं असंल. ज्याला जे हवं ते तो तुमच्या तोंडी घालतो. आणि खरं सांगते, मलाही तो मोह झाला. सुरुवातीच्या दिवसांत मला माझ्याच शिक्षणाचा संताप आला होता. दोन-तीन शब्द पुढे केले असते तर एखाद्यावर तुम्ही मान हलवली असती, आज माझ्याजवळ एक पुरं वाक्य असतं. नुसतं थांबून मला काय मिळालं? पण मी घातलेला शब्द माझा असता. चहासारखा तोही तुम्ही मुकाट्यानं पिऊन घेतला असता.

माझी इंटर्नशिपची पोस्टिंग आता गोंदियाला लागली आहे, घरूनच जाऊन येते. परवा एक विडी वळणारी बाई आली होती, लकव्यातून उठलेली. सोबत नवरा, राईस मिलमध्ये हमाली करतो. बाईनं तोंड उघडलं की हा शब्द टाकायचा, अगदी जीव तोडून, घामाघूम होऊन. मी त्याला रागावले नाही. त्याच्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं आणि सांगितलं, ती बोलायला लागली की हे तोंडात टाकायचं. बाईनं दोनदा तोंड उघडलं, मिटलं. मग नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बहुत... बोलते हैं." तो सुपारी चघळता चघळता रडला. मी मात्र हसत होते, मला त्या क्षणी तुम्हाला सांगायचं होतं.

काल संध्याकाळी मोठी आई माझ्याजवळ येऊन बसली. बाकी कोणी नव्हतं. म्हणाली, "तू त्यांच्यासोबत होती. खरं सांग, काय म्हनून राह्यले होते ते?"

एक चांगलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्यात तिचं नाव होतं, आणि ते तिला जन्मभर पुरलं असतं. मी म्हटलं, "माहीत नाही, मोठी आई. मी थांबले होते. त्यांचं झालं नाही."

तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, परत सोडलं. मी वाट पाहिली.

"बस उभी होती म्हंतेस?"

"हो."

"अख्खी बस? भरलेली?"

"अख्खी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं."

"त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठीच."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग झालं," ती म्हणाली.